ट्रॉलीला कुलूप कोणते लावाल?

दुकानाला शटर असते, गोदामाला दार असते, टेम्पोला चावी आणि स्टेअरिंगचे लॉक असते. पण लग्नसराईत भाड्याने फिरणारी जनरेटरची ट्रॉली, पाण्याचा टँकर, विटा वाहणारा ट्रॅक्टरचा ट्रेलर, कॉम्प्रेसर, चाकांवरचा कबाब-पावाचा स्टॉल यांना काय असते? इंजिनच नाही, म्हणून चावीही नाही. कोणीही ट्रॅक्टर किंवा जीप मागे घ्यावी, पिन टाकावी आणि चालू लागावे. काच फोडावी लागत नाही, वायर जोडावी लागत नाही, आवाजही होत नाही. रात्री दोन वाजता रस्त्याने ट्रॅक्टरमागे ट्रॉली चालली आहे, यात कोणाला काय संशय येणार? उसाच्या हंगामात तर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर धावत असतात.

आपल्यापैकी कित्येक कारागीर आणि छोटे व्यावसायिक यांचे सारे भांडवल अशा दोन किंवा चार चाकांवर उभे असते. वरचा जनरेटर धरला तर ही रक्कम दुकानाच्या पागडीइतकी होते. तरी तिच्या राखणीसाठी बहुतेक ठिकाणी काय दिसते? एक पातळ साखळी आणि तिला सायकलचे कुलूप. काही ठिकाणी तेही नाही. चाकाखाली दगड लावला की मालक निश्चिंत झोपतो. दगड गाडी उतरणीला लागू नये म्हणून असतो, चोरासाठी नव्हे.

अमेरिका, इंग्लंडकडे मोटारीमागे जोडून नेण्याची फिरती घरे असतात. सुट्टी संपली की ती अंगणात किंवा भाड्याच्या मैदानात महिनोन्‌महिने उभी राहतात. त्यांच्या चोऱ्या होऊ लागल्या तेव्हा तिकडे जोडणीलाच लावायच्या कुलपांची वेगळी बाजारपेठ उभी राहिली. आता ती कुलपे आपल्याकडेही घरपोच मागवता येतात आणि काही जण मागवतातही. मात्र चित्र पाहून मागवलेले कुलूप आपल्या ट्रॉलीला बसतच नाही, असा अनुभव हमखास येतो. कारण सोपे आहे. ते कुलूप दुसऱ्या प्रकारच्या जोडणीसाठी बनवलेले असते.

म्हणून कुलपाच्या दुकानात जाण्यापूर्वी आपल्या ट्रॉलीपुढे बसून तिची दांडी नीट पाहावी.

जोडणी दोन तऱ्हेची

परदेशी धर्तीच्या हलक्या ट्रेलरला, आणि अलीकडे आपल्याकडे बनणाऱ्या काही खाद्यस्टॉलना, गोळा आणि वाटीची जोडणी असते. गोळा गाडीच्या मागे असतो, वाटी ट्रेलरच्या दांडीला असते. वाटी गोळ्यावर बसली की वरची खिट्टी दाबायची, गोळा पकडला जातो. युरोपात हा गोळा 50 मिलिमीटरचा असतो. अमेरिकेत 1⅞ इंच, 2 इंच आणि 2 5/16 इंच अशी मापे चालतात. 2 इंच म्हणजे 50.8 मिलिमीटर. फरक केसाएवढा वाटतो, पण कुलूप घेताना तो महत्त्वाचा आहे. या जोडणीच्या चांगल्या कुलपात एक खोटा गोळा असतो. तो खालून वाटीत शिरतो आणि वरून जाड कडी येऊन त्याला जखडते. वाटी भरलेली असली की चोराचा गोळा आत जाणार कुठे? पण खोटा गोळा लहान पडला तर तो आत डुगडुगतो. डुगडुगणाऱ्या कुलपात पहार शिरते, आणि पहार शिरली की ते काढायला फार वेळ लागत नाही.

याच जोडणीसाठी एक स्वस्त कुलूपही मिळते. खिट्टीच्या भोकातून जाणारी बोटभर लांबीची सळई आणि टोकाला छोटे कुलूप. ट्रेलर गाडीला जोडलेला असताना कोणी खिट्टी उचलू नये, यासाठी ते ठीक आहे. सुटा उभा असलेला ट्रेलर राखायला मात्र ते कुचकामी. खिट्टी बंदच ठेवून चोर वाटी लहान गोळ्यावर टेकवतो, वर साखळी आवळतो आणि सावकाश घेऊन जातो. पाहणाऱ्याला मात्र कुलूप लावलेले दिसते, तेवढेच समाधान.

दुसरी तऱ्हा आपल्या ओळखीची. ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला जाड रिंग, ट्रॅक्टरच्या मागे दोन कानांचा हूक, आणि दोन्हींतून वरून टाकलेली पिन. महाराष्ट्रातल्या बहुतेक ट्रॉल्या, टँकर आणि गावातल्या कारखान्यांत तयार झालेले जनरेटरचे गाडे याच प्रकारचे. त्यांना गोळ्याचे परदेशी कुलूप काहीही उपयोगाचे नाही. येथे रिंगचे भोकच बुजवले पाहिजे, दुसऱ्याची पिन त्यात जाता कामा नये.

काही जण रिंगमधून साधे कुलूप अडकवतात. कुलपाची कडी 8 मिलिमीटरची आणि रिंगचे भोक तिच्या कितीतरी पट मोठे. उरलेल्या जागेतून बारीक पिन किंवा साखळी सहज जाते. भोक जितके जास्त भरेल तितके कुलूप खरे.

कुलपाची कडी हीच त्याची मान

चोर कुलपाच्या यंत्राशी क्वचितच झटतो. तार घालून खटके उघडणारा चोर सिनेमात जास्त दिसतो. प्रत्यक्षात तो कडी कापतो, घणाने ठोकतो किंवा पहारेने पिळतो. म्हणून कुलूप हातात घेतल्यावर किती लिव्हरचे आहे हे विचारण्याआधी कडी पाहावी.

साध्या लोखंडाची कडी हॅक्सॉच्या पात्याने दोन-चार मिनिटांत कापली जाते. चांगल्या कुलपाची कडी पाणी दिलेल्या पोलादाची असते, आणि ‘हार्डन्ड’ असा शब्द सहसा कडीवरच कोरलेला असतो. कानसेचा कोपरा कडीवर हलका ओढून पाहावा. कानस घसरली तर पाणी दिलेले आहे. कानस लोखंड खाऊ लागली तर कोरलेल्या शब्दाला अर्थ नाही. दुकानदार जरा कुरकुर करेल, करू द्यावी. जाडीबाबत आमचे मत असे, की 10 मिलिमीटरच्या खाली जाऊच नये, आणि 12 मिळाली तर उत्तम. हाताने चालवायचा मोठा, 36 इंची बोल्ट कटर बारीक कडीला भाजीसारखी तोडतो. जाड आणि कठीण कडीपुढे मात्र त्याची धार मोडते.

दुसरी गोष्ट म्हणजे कडी दोन्ही पायांनी पकडली जाते की एकाच पायाने. हलक्या कुलपात एकाच बाजूला खाच असते आणि स्प्रिंगची जीभ तीत बसते. पातळ पत्र्याची पट्टी आत सरकवली की जीभ मागे जाते. चांगल्या कुलपात दोन्ही बाजूंना पोलादी गोळ्या असतात, तेथे पट्टी चालत नाही. कुलूप उघडून कडीच्या दोन्ही पायांवर खाचा आहेत का ते पाहावे. एवढे पाहायला चष्म्याशिवाय काही लागत नाही.

तिसरी गोष्ट कडी किती उघडी राहते ही. कडी जितकी लांब आणि बाहेर, तितकी ती कापायला सोपी. म्हणूनच चकतीसारखी गोल कुलपे निघाली, ज्यांची कडी जवळजवळ पूर्ण पोटात असते. आपल्या कामाला ती विशेष बरी. का ते पुढे येईल.

आता ग्राइंडरबद्दल. बॅटरीवर चालणारे ग्राइंडर बाजारात आल्यापासून कोणतेही पोलाद सुरक्षित राहिलेले नाही, हे खरे आहे. चांगली कडीसुद्धा चाकापुढे काही मिनिटेच टिकते. पण ग्राइंडर ओरडतो, ठिणग्या उडवतो आणि गल्ली जागी करतो. कुलूप चोराला कायमचे थांबवत नाही, उशीर लावते आणि आवाज करायला भाग पाडते. तेवढ्यावरच चोर बहुधा शेजारची बिनकुलपाची ट्रॉली पसंत करतो. (शेजाऱ्यालाही हा अंक वाचायला द्यावा.)

छाप, शिक्के आणि दुकानातली एक परीक्षा

आपल्याकडे साध्या कुलपांसाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस 275. युरोपात कुलपांना ईएन 12320 या मानकाखाली 1 ते 6 अशी श्रेणी मिळते. 6 सर्वांत मजबूत. इंग्लंडमध्ये पोलिसांच्या पुढाकाराने 1992 मध्ये ‘सोल्ड सिक्युअर’ नावाची तपासणी सुरू झाली. तिथे कुलपे प्रत्यक्ष हत्यारांनी फोडून पाहतात आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देतात. आयात केलेल्या कुलपावर यांपैकी काही असेल तर त्याला किंमत आहे. नुसते ‘अँटी थेफ्ट’ छापलेले असेल तर ती छापखान्याची कामगिरी समजावी.

स्वस्त मालातला एक दोष फारसे कोणी पाहत नाही. कारखान्यात चाव्यांचे थोडेच नमुने काढून हजारो कुलपे बनवलेली असतात, त्यामुळे एकाची चावी दुसऱ्याला लागते. यावर उपाय असा. दुकानात एकाच जातीची पाच-सहा कुलपे पुढे मागावीत आणि एकाची चावी बाकीच्यांना लावून पाहावी. एक जरी उघडले तरी ती जात सोडून द्यावी. हलक्या कुलपाची चावी किंचित बाहेर ओढून, जरा हलवत फिरवली तरीही ते उघडते. हेही करून पाहावे.

अलीगढचा उल्लेख येथे टाळता येत नाही. 1870 मध्ये जॉन्सन अँड कंपनीने तिथे पाय रोवला तेव्हापासून हे शहर कुलपांचे झाले. ओतकाम, कानसकाम, पॉलिश, जुळणी अशी कामे घराघरांत वाटलेली, आणि त्यांत आपल्या समाजाचे हजारो हात. उत्तर प्रदेश सरकारच्या 2018 च्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत अलीगढच्या वाट्याला कुलूपच आले. दक्षिणेत दिंडिगलच्या कुलपाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये कुलपांचाच धंदा काढला होता. चिनी स्वस्त मालाने अलीगढच्या छोट्या कारखानदारांचे कंबरडे मोडले, ही तक्रार जुनी आहे. तिच्यावर येथे निकाल देण्याचे कारण नाही. पण अलीगढची जड, पाणी दिलेल्या कडीची कुलपे आजही मिळतात. ट्रॉलीसाठी चमकदार परदेशी डबीपेक्षा असे एखादे निवडक कुलूप बरे, हे आम्ही जबाबदारीने सांगू. हलका माल सगळीकडेच निघतो, अलीगढमध्येही. म्हणून गावाचे नाव वाचून थांबू नये, वरची परीक्षा घ्यावीच.

लेथवाल्याकडे बनवून घ्या

रिंगच्या जोडणीसाठी तयार कुलूप शोधत हिंडण्यापेक्षा आपल्याच गावातल्या टर्नरकडून एक वस्तू बनवून घ्यावी. रिंगच्या भोकाचे माप घ्यावे. त्यात सैल न राहता जेमतेम जाईल असा गोल दांडा तयार करावा. दांड्याच्या खालच्या टोकाला रिंगपेक्षा रुंद डोके असावे, म्हणजे तो वर निघणार नाही. वरच्या टोकाला आडवे भोक. वरून जाड पाइपच्या तुकड्याची वाटीसारखी टोपी बसवायची आणि दांड्याच्या भोकात कुलूप घालायचे, असे की कुलूप टोपीच्या पोटात राहील आणि बाहेर फक्त चावीचे तोंड दिसेल. गोल चकतीचे कुलूप येथे नेमके बसते. कटरला धरायला जागा नाही, पहारेला फट नाही, घण मारला तर टोपीवर बसतो. रिंगमध्ये दुसरी पिन जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

धातूकडे लक्ष द्यावे. बाजारातल्या साध्या एमएस दांड्यापासून हे बनवले तर ते हॅक्सॉने कापले जाईल. जुन्या ट्रकच्या हाफ शाफ्टचा तुकडा भंगारात मिळतो, त्याचे पोलाद उत्तम असते. पण ते आधीच कठीण केलेले असल्याने लेथचे टूल त्यावर टिकत नाही. भट्टीत लाल करून राखेत हळूहळू निववावे, मग कातावे, भोके पाडावीत आणि शेवटी पुन्हा तापवून तेलात बुडवावे. त्यानंतर पुन्हा मंद तापवून कडकपणा थोडा उतरवणे विसरू नये. नाहीतर दांडा काचेसारखा होतो आणि घणाच्या एका ठोक्यात तुटतो. आपले जुने लोहार हे डोळ्यांनी रंग पाहून करत असत. ज्याला ते जमते त्याच्याकडेच हे काम द्यावे.

ट्रॉल्या आणि टँकर बनवणाऱ्या आपल्या फॅब्रिकेटर बंधूंना येथे एक धंद्याची गोष्ट सुचवावीशी वाटते. ट्रॉली बनतानाच दांडीवर कुलपाची टोपी वेल्ड करून दिली, दांडा तयार दिला, तर खर्च किरकोळ वाढेल. गिऱ्हाइकाला मात्र ती ट्रॉली वेगळी वाटेल. अशी सोय करून देणारे फारसे आढळत नाहीत. जो पहिला करेल त्याचे नाव होईल.

ट्रॅक्टर ट्रॉलीसह ढाब्यावर उभा असतानाही कोणी पिन उपसून ट्रॉली पळवू शकतो. तेव्हा रोजच्या वापराच्या पिनला खालच्या टोकाशी भोक पाडून तिथेही एक कुलूप असावे. साध्या स्प्रिंगच्या खिट्टीवर विसंबू नये.

कुलपाच्या आजूबाजूला

मजबूत कुलूप लावले आणि शेजारची वाट उघडी राहिली, असे पुष्कळदा घडते. गोळ्याच्या जोडणीत वाटी दांडीला बोल्टने बसवलेली असते. चोर पाना लावून कुलपासकट वाटीच काढतो आणि स्वतःची बसवतो. बोल्टचे नटाबाहेर आलेले टोक ठोकून पसरवून टाकावे, म्हणजे नट फिरणार नाही. वाटी बिडाची असेल तर तिला वेल्डिंग करू नये; बीड तडकते आणि मग चोराऐवजी अपघातच ट्रॉली नेतो. दांडीच्या बाजूला लोंबणाऱ्या सुरक्षेच्या साखळ्याही रात्री काढून ठेवाव्यात किंवा कुलपात अडकवाव्यात. नाहीतर त्याच साखळ्या हुकात टाकून ट्रेलर ओढता येतो.

चाकाला साखळी लावायची तर ती चाकाच्या भोकातून आणि चासीच्या आडव्या दांड्यातून, दोन्हींतून जावी. फक्त चाकाला गुंडाळलेली साखळी असेल तर चोर ते चाक उतरवून दुसरे लावतो. साखळीची कडीही कुलपाच्या कडीइतकीच जाड हवी. दोन्हींतले जे नाजूक, तेच तुमचे खरे कुलूप. ट्रॉली उभी करताना दांडी भिंतीकडे किंवा झाडाकडे करावी, म्हणजे ट्रॅक्टर मागे घ्यायला जागाच मिळत नाही. यासाठी पैसाही पडत नाही. तरी सोयीसाठी आपण सगळे दांडी रस्त्याकडे करूनच उभी करतो.

सामान महाग असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा जीपीएसचा डबाही ट्रॉलीत लपवता येतो. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते, म्हणून तो वेळोवेळी चार्ज करण्याची आठवण ठेवावी लागते. आणि तो चोरी थांबवत नाही, नंतर ठिकाण सांगतो.

कुलपाची निगा फारशी नसते, पण जी असते ती चुकीची केली जाते. चावी अडकली की खाण्याचे तेल सोडायचे, ही सवय वाईट. तेलाला धूळ चिकटते आणि वीटभट्टीच्या किंवा खडीच्या धुळीत तर कुलूप महिनाभरात जाम होते. शिसपेन्सिलीतल्या शिशाची, म्हणजे ग्राफाइटची, पूड फुंकावी. कोकणातल्या खाऱ्या हवेत पितळी अंगाचे आणि पाणी दिलेल्या कडीचे कुलूप जास्त टिकते. चावीचे तोंड खाली राहील असे लावावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही.

कागदांची बाजू

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 2(28) मधील व्याख्येत ट्रेलर हाही मोटार वाहनच आहे. म्हणजे त्याची नोंदणी वेगळी, चासी नंबर वेगळा. गावातल्या कारखान्यांत बनलेल्या कित्येक ट्रॉल्यांना नंबरच नसतो. चोरीनंतर रंग बदलला की मालकालाही आपली ट्रॉली पटवून देता येत नाही. नोंदणी तर करावीच, शिवाय दांडीच्या आतल्या बाजूला, एक्सलवर, अशा दोन-तीन आडजागी छिन्नीने आपली खूण कोरून तिचे फोटो ठेवावेत.

विम्याच्या बाबतीत ट्रॅक्टरची पॉलिसी म्हणजे ट्रॉलीची पॉलिसी असे गृहीत धरू नये. ट्रॉलीचा उल्लेख त्यात स्वतंत्र आहे का ते वाचून पाहावे. केवळ तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर चोरीचे काही मिळत नाही. ट्रॉलीवरच्या जनरेटरचेही वेगळे विचारावे. चोरी झाली तर आधी पोलीस ठाणे गाठावे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणाचीही असली तरी तक्रार नोंदवता येते. ऑनलाइन तक्रार दिल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवावे. उशिराचे कारण पुढे करून कंपन्या दावे फेटाळतात. 2020 मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोलिसांत तक्रार त्वरित दिलेली असेल तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही. तरीही खटल्याची वेळ येऊ देण्यापेक्षा एक पत्र लिहिणे स्वस्त पडते.

दाव्याच्या वेळी विमावाले कुलपाचे बिल आणि चाव्या मागू शकतात. बिल जपून ठेवावे आणि चाव्या किती आहेत ते माहीत असावे. भाड्याने ट्रॉली देणाऱ्यांकडे ड्रायव्हर बदलत राहतात आणि प्रत्येकाच्या खिशात एक चावी जाते. ड्रायव्हर गेला आणि चावी परत आली नाही, तर दुसऱ्या दिवशी कुलूप बदलावे. आणि जादा चावी ट्रॉलीच्याच टूलबॉक्समध्ये ठेवण्याची पद्धत आजच बंद करावी.